लागणं, मारणं आणि इंग्रजी क्रियापदं

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात नागपुरात इंग्रजी पेपर उघडला की 'हीट वेव्ह हिट्स विदर्भ' अशी बातमी दिसतेच. माझे विद्यार्थी त्यातल्या 'हिट'पाशी अडतात. हिट म्हणजे मारणे, हे शाळेतच पाठ झालेलं असतं. मग लाट मारते कशी? मराठी पेपर तीच बातमी देतो, 'विदर्भाला उन्हाचा तडाखा'. मारणं इथंही आहे, फक्त ते नामात जाऊन बसलंय.

ही गोष्ट शिकवताना मी कधीच टाळत नाही. आपल्याकडे लाथ, बुक्की, चापट, गुद्दा, धपाटा, टपली अशी नावं वेगवेगळी, क्रियापद मात्र बहुतेक वेळा एकच: मारणे. इंग्रजीत किक, पंच, स्लॅप, थम्प ही स्वतःच क्रियापदं. चालण्याचंही तसंच. 'तो लंगडत खोलीत शिरला' असं आपण म्हणतो. शिरणं क्रियापदात, लंगडणं त्याच्या आधी. इंग्रजी म्हणते, 'ही लिम्प्ड इन्टू द रूम'. लंगडणं झालं क्रियापद, आणि आत शिरण्याचं सगळं काम एवढ्याशा 'इन्टू'नं केलं. गतीचा अर्थ कुठली भाषा कुठल्या शब्दात भरते, याची मांडणी लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञानं १९८५ साली केली. म्हणून मुलांना माझा आग्रह असतो, की इंग्रजीतलं क्रियापद एकटं पाठ करू नका. त्याच्या मागे येणारा छोटा शब्दही सोबत घ्या.

आता 'हिट'कडे परत येऊ. हा शब्द इंग्रजीत आला उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून, आणि तिथं त्याचा अर्थ होता गाठ पडणे, सापडणे. स्वीडिश भाषेत 'हित्ता' म्हणजे आजही सापडणेच. एखादी कल्पना सुचली की इंग्रज 'हिट अपॉन' म्हणतो, गाडी हायवेला लागली की 'हिट द हायवे' म्हणतो, ते याच जुन्या अर्थाला धरून. आणि बघा, मी आत्ता 'हायवेला लागली' म्हटलं! आपलं 'लागणे' अगदी असंच चालतं. दगड लागतो, डोक्याला लागतं, आणि वर्धा रोडनं निघालं की बुटीबोरीही लागते. पोचणं आणि आदळणं आपल्याही एकाच शब्दात नांदतं. मुलांना हे दाखवलं की 'हिट'ची भीती जाते, हा माझा नेहमीचा अनुभव.

'स्ट्राइक'ची कथा तर फारच सुरेख. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता जाणे, किंवा हलकेच हात फिरवणे. 'स्ट्रोक' त्याचाच भाऊबंद. पुढे ठोसा आला, काडी ओढणं आलं, घड्याळाचे ठोके आले. जहाजावर शीड खाली उतरवणं म्हणजेही स्ट्राइक. १७६८ मध्ये लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडं उतरवून ठेवली, जहाजं जागची हलेनात, आणि संपाला हा शब्द चिकटला.

'रन'चे अर्थ इंग्रजीच्या मोठ्या ऑक्सफर्ड कोशाच्या संपादकांनी सहाशेच्या वर मोजलेत. त्यात आज शिरत नाही.

'बीट' मात्र आपल्या जवळचा. जामठ्याच्या स्टेडियमवर चेंडू बॅटीची कड चुकवून कीपरकडे गेला की आपण म्हणतो, 'बीट झाला'. चेंडू लागलाच नाही, तरी बीट! कारण इथं बीट म्हणजे हरवणं, चकवणं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी वनखात्यात नोकरी असेल, तर वनरक्षकाची 'बीट' तुम्हाला ठाऊकच असेल. पेंचच्या जंगलात एकेका वनरक्षकाकडे नेमून दिलेला भाग असतो, तो रोज पायी फिरायचा, पाणवठे बघायचे, पाऊलखुणा टिपायच्या. पोलिसांची बीट तीच, बातमीदाराचीही तीच. पावलांनी तुडवून पडलेली वाट ती 'बीटन पाथ', आणि ठरलेल्या फेरीचा भाग तो बीट. इथं मार खाते ती फक्त जमीन.