दोन टक्के आणि पंचेचाळीस दिवस

पत्रिकेवर विषय छापलाय, 'पुरवठादाराचं बिल हीच पहिली सामाजिक जबाबदारी'. तिकडे येतोच. पण आधी शाळेतल्या पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटबद्दल बोलू द्या.

कंपनी कायद्याचं कलम १३५ इथं कुणाला सांगायला नको. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे, त्यातले काही लाख उरलेत हे मार्चमध्ये लक्षात येतं. मग झेडपीच्या शाळेत ताशी २५० लिटरचा प्लांट बसतो. नारळ, फीत, फोटो. पाटी स्टेनलेस स्टीलची, त्यामुळे ती टिकते. (हशा) बोअरचं पाणी जड. पाच मायक्रॉनचं कार्ट्रिज गाळानं भरतं, ते बदललं नाही की पंपाला पाणी कमी पडतं. क्षार रोखणारं रसायन, अँटीस्केलंट, संपलं की पाणी गाळणाऱ्या पडद्यावर, म्हणजे मेंब्रेनवर, क्षार बसतात. मे महिन्यात शाळा बंद, प्लांट पाण्यासकट उभा. मेंब्रेनवर जंतूंचा थर. जूनमध्ये मुख्याध्यापक बटण दाबतात, तर नळाला करंगळीएवढी धार. आणि वीजबिल कुठल्या खात्यातून भरायचं, हे करारात कुणी लिहिलेलंच नसतं!

'वर्ष संपतंय म्हणून घाई' ही सबबही २०२१ पासून चालत नाही. संचालक मंडळानं प्रकल्प बहुवार्षिक म्हणून मंजूर केला असेल, तर उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन वर्षांत खर्चायची. कार्ट्रिज, मेंब्रेन, गावातल्याच एखाद्या पोराचं मानधन, सगळं त्यात बसतं. पण कार्ट्रिज बदलताना फोटोला कोण उभं राहणार?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर मूळ विषय, धावतपळत.

एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा कायदा, २००६. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचं बिल, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी ४५ दिवसांच्या आत. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, '९० दिवस' छापलेलं टिकत नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय २०२३-२४ पासून, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरत नाहीत. पळवाट असते जीआरएनमध्ये, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीत. ट्रक खाली झाला, माल आत गेला, पण स्टोअर म्हणतं 'क्यूसी', म्हणजे मालाची तपासणी, 'बाकी', म्हणजे दिवस मोजायला सुरुवातच नाही. कायदा मात्र म्हणतो, १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला. म्हणून मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर गेटचा शिक्का आणि तारीख घ्या, बिलावर उद्यम नंबर, म्हणजे आपल्या उद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक, छापा. एवढं करूनही बरेच जण गप्प बसतात, कारण पुढची पीओ त्याच टेबलावरून निघायची असते.

वार्षिक अहवालात पुढं मुलांचे फोटो असतात. मागं ट्रेड पेएबल्सचा, म्हणजे पुरवठादारांच्या थकलेल्या देण्यांचा, तक्ता असतो, एमएसएमईचं देणं एक वर्षाच्या आतलं किती, तीन वर्षांवरचं किती. आधी तो बघा.

पुरवठादार नुसता व्यापारी असेल, तर त्याच्या बिलाला ही मुदत लागू नाही. त्यावर प्रश्न येणारच, ते चहाच्या वेळी घेऊ.