रक्ताची संस्कृती, अगर माध्यम आणि मराठी विकिपीडिया

नमस्कार श्रोतेहो.

‘ब्लड कल्चर’ ही तपासणी तुमच्यापैकी अनेकांच्या कानावरून गेली असेल. रुग्णाचे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालायचे, ती उबदार जागी ठेवायची आणि आत जीवाणू वाढतात का ते पाहायचे. हे दोन शब्द यंत्राकडून मराठीत आणायला गेलात, तर ‘रक्त संस्कृती’ हाती पडू शकते. ‘स्ट्रेन’चा ‘ताण’ होतो आणि जीवाणूचा प्रभेद बिचारा तणावग्रस्त होतो. ‘स्टेन’चा ‘डाग’ होतो. जीवाणू ज्यावर वाढवतात ते ‘अगर माध्यम’ मात्र भाषांतर अगदी बरोबर असूनही घोटाळा करते, कारण मराठीत अगर म्हणजे किंवा. ‘पोषक अगर माध्यम’ असे वाचणारा विद्यार्थी पुढच्या पर्यायाची वाट पाहत बसतो.

मराठी विकिपीडियावर सूक्ष्मजीवांविषयी लिहिणाऱ्यांसाठी, किंवा लिहावे असे वाटणाऱ्यांसाठी, आजचे हे बोलणे आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला हा ज्ञानकोश स्वयंसेवक चालवतात, आणि त्यात कुणालाही दुरुस्ती करता येते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे : दोन ओळींची शंभर नवी पाने काढण्यापेक्षा लोक वाचतात अशी दहा पाने शब्दशः तपासून नीट करणे जास्त गरजेचे आहे.

मग कोणती दहा? इंग्रजी विकिपीडियावर सूक्ष्मजीवशास्त्राचा वेगळा प्रकल्प आहे. तिथे प्रत्येक लेखाला दोन शेरे मिळतात, एक दर्जाचा आणि एक महत्त्वाचा. महत्त्व जास्त आणि दर्जा कमी असलेले लेख आधी हाती घ्यायचे. मराठीत एवढा पसारा मांडायची गरज नाही. वाचक कुठून येतो ते पाहा. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. त्यांच्यावरचा लेख वाचणारा शाळकरी मुलगा ‘प्लेग’ या शब्दावर बोट ठेवतो. त्या पानावर त्याला कळायला हवे की प्लेग विषाणूने नव्हे, तर यर्सिनिया पेस्टिस या जीवाणूने होतो. तो १८९४मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर यर्सिनने ओळखला. आणि शास्त्रज्ञ हाफकिनने मुंबईत लस केली ती याच जीवाणूची वाढ उष्णतेने मारून. सोयाबीन पेरणारा शेतकरी ‘रायझोबियम’ शोधत येतो, दही लावणारी व्यक्ती ‘लॅक्टोबॅसिलस’, लोणारला जाऊन आलेला पर्यटक ‘गुलाबी पाणी’. या वाटांवरची पाने आधी घ्या.

जीवाणू आणि विषाणू यांची अदलाबदल ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. दुरुस्त करताना घाई नको. ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळे विषाणू एका दमात जीवाणू केलेत, तर जीवाणूंवरच वाढणाऱ्या विषाणूंचे, म्हणजे जीवाणुभक्षींचे वाक्य ‘जीवाणूंवर वाढणारे जीवाणू’ असे होऊन बसेल. एकेक जागा वाचूनच बदला. आणि लोणारसाठी तिसरे नाव लक्षात ठेवा. जून २०२०मध्ये त्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितले ते मीठ मानवणाऱ्या, रंगद्रव्य तयार करणाऱ्या आर्कियांचे. आर्किया म्हणजे जीवाणू नव्हेत. १९७७मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांचा वेगळा गट दाखवून दिला. बातमीत काहीही छापले असले, तरी ज्ञानकोशात ‘जीवाणूंमुळे’ असे लिहून चालणार नाही.

आता एक पान मुळापासून कसे बांधायचे ते पाहू. ‘ग्रॅम रंजन’ (इंग्रजीत ‘ग्रॅम स्टेन’) घेऊ या, म्हणजे रंग देऊन जीवाणूंचे दोन गट वेगळे ओळखण्याची पद्धत.

पहिली अडचण नावातच आहे. ग्रॅम हे आडनाव आहे. हान्स क्रिश्चन ग्रॅम हा डेन्मार्कचा वैद्य. त्याने १८८४मध्ये बर्लिनमध्ये काम करताना ही पद्धत प्रसिद्ध केली. रोमन लिपीत पहिले अक्षर मोठे असते, त्यामुळे ते माणसाचे नाव आहे हे दिसते. देवनागरीत ती सोय नाही आणि वाचक वजनाकडे वळतो. म्हणून पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव द्या. दुसरी अडचण ‘पॉझिटिव्ह’ची. कोविडनंतर हा शब्द घराघरांत ‘लागण झाली’ अशाच अर्थाने बसला आहे. ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणजे जांभळा रंग धरून ठेवणारा, ग्रॅम निगेटिव्ह म्हणजे तो सोडून देणारा. दोन्ही गटांत रोगकारक आहेत आणि निरुपद्रवीही आहेत. हे वाक्य प्रस्तावनेतच हवे. तळाशी टाकलेत तर ज्याला गरज आहे तो तिथवर पोचत नाही.

मग कृती. काचपट्टीवर पातळ लेप, हवेत वाळवणे, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून पक्का करणे. क्रिस्टल व्हायोलेट ६० सेकंद, पाण्याने धुणे. आयोडीनचे द्रावण ६० सेकंद, पुन्हा धुणे. मग ९५ टक्के अल्कोहोल, १० ते १५ सेकंद, ओघळणारा द्रव रंगहीन होईपर्यंत, लगेच पाणी. शेवटी सॅफ्रानिन ३० ते ६० सेकंद. सॅफ्रानिन ग्रॅमच्या स्वतःच्या पद्धतीत नव्हते, ते नंतर आले. ‘ग्रॅमने चार रसायने वापरली’ असे वाक्य दिसले तर ते काढा.

नुसती कृती लिहून थांबू नका, कारण द्या. ग्रॅम पॉझिटिव्ह पेशींची पेप्टिडोग्लायकनची (शर्करा आणि अमिनो आम्लांच्या जाळ्याची) भित्तिका जाड, साधारण २० ते ८० नॅनोमीटर. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन यांचा मोठा संयुक्त कण तिच्या आत अडकतो. ग्रॅम निगेटिव्ह पेशीत हा थर अगदी पातळ असतो आणि त्याच्या बाहेर मेदयुक्त पटल असते. अल्कोहोल ते पटल विरघळवते आणि रंग वाहून जातो. मग सॅफ्रानिनचा गुलाबी रंग दिसतो. गुलाबी रंग पॉझिटिव्ह पेशींनाही लागतो, पण जांभळ्याखाली तो झाकला जातो. हे बहुतेक ठिकाणी राहून जाते.

आणि चुकते कुठे, तेही लिहा, कारण विद्यार्थी त्यासाठीच पान उघडतो. अल्कोहोल पाच-दहा सेकंद जास्त राहिले की पॉझिटिव्ह पेशीही रंग सोडतात. लेप जाड असेल तर निगेटिव्ह पेशी जांभळ्या राहतात. संवर्ध, म्हणजे माध्यमावर वाढवलेले जीवाणू (इंग्रजीत ‘कल्चर’), जुना, २४ तासांच्या पुढचा असेल तर भित्तिका खचलेल्या असतात आणि एकाच काचपट्टीवर दोन्ही रंग दिसतात. क्षयाच्या जीवाणूची भित्तिका मेणचट असल्याने तो या पद्धतीत नीट रंगत नाही, त्याला झील-नेल्सन रंजन लागते. मायकोप्लाझ्मा या जीवाणूला भित्तिकाच नाही. एवढे एका पानावर आले तर बारावीपासून बी. एस्सी.पर्यंतच्या मुलांना पुरते.

आकड्यांसाठी वेगळे डोळे लागतात. मूत्रमार्गाच्या संसर्गाचे निदान करताना दर मिलिलिटरमागे दहाचा पाचवा घात, म्हणजे १ लाख जीवाणू ही जुनी रूढ मर्यादा. पीडीएफमधून ओळ उचलली की वर चढवलेला पाच खाली उतरतो आणि लेखात ‘दर मिलिलिटरला १०५ जीवाणू’ असे छापले जाते. लाखाचे एकशे पाच झाले आणि वाक्य तरीही शहाण्यासारखे दिसते. म्हणून घात असलेला आकडा मराठीत शब्दांत लिहा. बिलियन म्हणजे अब्ज, शंभर कोटी. ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशींच्या दहापट जीवाणू असतात, हे वाक्य अजून फिरते आहे. २०१६च्या फेरहिशेबात जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी आणि मानवी पेशी ३० लाख कोटी निघाल्या. म्हणजे जवळपास बरोबरी. असे वाक्य सापडले तर काढून टाकू नका, जुना अंदाज आणि नवा अंदाज दोन्ही संदर्भासह ठेवा.

नावांचा गुंता मोठा आहे, पण सुटतो. आधी शब्द ठरवा : जीनससाठी ‘वंश’, स्पीशीजसाठी ‘जाती’. वर्तमानपत्रे स्पीशीजला ‘प्रजाती’ म्हणतात आणि काही पाठ्यपुस्तके जीनसला. एका लेखात दोन्ही आले की वाचक हरवतो. मग लिप्यंतर. ई. कोलाय, ई. कोली, एशेरिकिया कोलाय, एश्चेरिशिया कोली, सगळे शोधले जाते. लेख एकाच शीर्षकाखाली ठेवा आणि बाकी प्रत्येक रूपाचे पुनर्निर्देशन करा : नवे पान उघडायचे, त्यात ‘#पुनर्निर्देशन’ लिहून पुढे दुहेरी चौकटी कंसात मूळ लेखाचे शीर्षक. जीवाणूमधला जी दीर्घ लिहिणारे आहेत तसे ऱ्हस्व लिहिणारेही आहेत. वाद चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर घाला, पुनर्निर्देशन आधी करा. रोमन लिपीतले शास्त्रीय नाव पहिल्या वाक्यात एकदा, तिरप्या अक्षरांत. देवनागरी तिरपी करू नका, ती पडल्यासारखी दिसते.

शास्त्रीय नावेही बदलतात. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा जीवाणू १९८२पासून ब्रेडीरायझोबियम वंशात गेला, तरी शेतकऱ्याच्या तोंडी रायझोबियमच आहे. २०२०मध्ये लॅक्टोबॅसिलस वंश फोडून २३ नवे वंश केले गेले. योगर्टमधला बल्गेरिकस मूळ वंशातच राहिला, पण केसी ही जाती आता लॅक्टिकेसिबॅसिलस केसी आहे. २०२१मध्ये संघांची, म्हणजे वंशाच्या बऱ्याच वरच्या मोठ्या गटांची (फायलम) नावे बदलली. प्रोटिओबॅक्टेरियाचे स्यूडोमोनाडोटा झाले, फर्मिक्यूट्सचे बॅसिलोटा. विषाणूंच्या जातींना आता दोन शब्दांची नावे आहेत, डेंग्यूची ऑर्थोफ्लेविव्हायरस डेंग्यूई. जीवाणूंच्या नावांसाठी एलपीएसएन ही यादी आणि विषाणूंसाठी आयसीटीव्हीची, म्हणजे विषाणूंच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीची यादी उघडून पाहा. जुने नाव पुसू नका. ‘पूर्वीचे नाव’ म्हणून ठेवा, कारण पाठ्यपुस्तकात मुलाला तेच सापडते.

संदर्भाबद्दल थोडक्यात. रोग, लस, औषध यांविषयीच्या वाक्याला वर्तमानपत्र पुरत नाही. एकट्या-दुकट्या प्रयोगाचा शोधनिबंधही नको. अनेक अभ्यासांचा आढावा घेणारे लेख, प्रमाण पाठ्यपुस्तके, जागतिक आरोग्य संघटनेची पत्रके वापरा. औषधाची मात्रा लिहूच नका, तो दवाखाना नव्हे. संदर्भाच्या साच्यात डीओआय किंवा पबमेडचा क्रमांक (शोधनिबंधाची ओळख सांगणारे क्रमांक) भरताना त्याचे आकडे देवनागरीत बदलू नका, दुवा तुटतो. इंग्रजी विकिपीडियावरून भाषांतर करायला परवानगी आहे, पण कोणत्या पानावरून केले ते संपादन सारांशात नोंदवावे लागते, परवान्याची ती अट आहे. पाठ्यपुस्तकातला उतारा मात्र दोन शब्द फिरवून टाकलात तरी उडवला जाईल, आणि तेच योग्य आहे. भाषांतराची आमची रीत अशी : परिच्छेद वाचा, खिडकी बंद करा, आपल्या शब्दांत लिहा, मग परत उघडून आकडे ताडून पाहा. ‘होस्ट सेल’, म्हणजे विषाणू जिच्यात वाढतो ती पेशी, हिला ‘यजमान पेशी’ असे लिहाल तर सत्यनारायणाच्या पाटावर बसलेले यजमान आठवतात; ‘पोशिंदा पेशी’ लिहा. अगरची पहिल्यांदा ओळख करून द्या, ‘समुद्री शैवालापासून मिळणारा, माध्यम घट्ट करणारा पदार्थ’, आणि पुढे जोडरेघेने ‘अगर-माध्यम’.

महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक असेल तर चित्रे तुम्हीच देऊ शकता. शंभरपटीचे तैलभिंग आणि दहापटीची नेत्रिका म्हणजे हजारपट. पण चित्राखाली ‘१००० पट’ लिहून उपयोग नाही, कारण फोनवर ते लहान आणि पडद्यावर मोठे दिसते. मोजपट्टीची काचपट्टी त्याच भिंगाखाली टिपा आणि चित्रात १० मायक्रोमीटरची रेघ आखा. रंजन कोणते, संवर्ध किती तासांचा, हे वर्णनात. रुग्णाचे नाव किंवा नमुन्याचा क्रमांक चित्रात येऊ देऊ नका.

सुरुवात धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर करा, झलक पाहा, मगच प्रकाशित करा. मोठा बदल असेल तर लेखाच्या चर्चापानावर कारण दोन ओळींत लिहा. आणि पानाच्या माथ्यावरचा तारा दाबून ते आपल्या निरीक्षणसूचीत ठेवा, म्हणजे तो १०५ कुणी परत आणला तर तुम्हाला कळेल. नमस्कार.