ओढायचं नाही

(दृश्य: खानापूर तालुका. अर्धवट बांधलेलं घर, कॉलमसाठी उभ्या सोडलेल्या सळया.)

काटा रुतला की उपसून टाकायचा, हे आपल्याकडं पोर अनवाणी पळायला लागतं तेव्हापासून शिकतं. म्हणूनच कुणाच्या डोक्यात काही घुसलेलं दिसलं की पहिला हात तिकडंच जातो.

समजा, इथंच सेंट्रिंगवाल्याचा पाय घसरला आणि सळई कपाळाच्या बाजूनं आत गेली. माणूस कधीकधी शुद्धीवर असतो, बोलतोसुद्धा. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. भोवतीचे ओरडतात, "ओढ की गा ते!"

ओढायचं नाही. तुटलेल्या शिरेवर ती सळईच बुचासारखी बसलेली असते. बूच निघालं की कवटीच्या बंद डब्यात रक्त साठतं, आणि तिथं दाबून धरायला कुणाचा हात पोचत नाही. सळई हलू न देता बाहेरचा भाग कापायचा. गॅस कटरनं लोखंड तापतं, ग्राइंडरनं हादरतं. अग्निशमन दलाचा हायड्रॉलिक कटर मिळाला तर बरा. मग टोकाला कापडाचा आधार आणि 108.

(दृश्य: धावती ॲम्ब्युलन्स.)

खानापूरकर बेळगाव गाठतात, निपाणीकर कोल्हापूर, अथणीकर मिरज. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला 2004पासून सुप्रीम कोर्टात. पेशंट मात्र जवळच्या न्यूरोसर्जनकडं.

तिथं आधी सीटी स्कॅन. लोखंड पांढरंफेक दिसतं, भोवती रेघा उमटतात. लाकूड फसवं, सुकं असलं तर हवेसारखं काळं दिसतं. म्हणून डॉक्टर नातेवाइकांना खोदून विचारतात, काय घुसलं, किती लांबीचं? लोखंडाची शंका असताना एमआरआय नाही. चुंबक ते हलवेल. सळई रक्तवाहिनीजवळ असेल तर अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र.

ऑपरेशनमध्येही सळई सरळ उपसत नाहीत. तिच्याभोवती हाड गोल कापून उचलतात, मेंदूचं आवरण उघडतात, आणि शीर डोळ्यांसमोर असताना आली त्याच वाटेनं हळू बाहेर घेतात. रक्ताच्या पिशव्या तयार असतात.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांनी खोलवरची हाडाची कपची न् कपची शोधून डोक्याच्या जखमा धुतल्या. त्यांच्याकडं शंभरातले निम्म्याहून जास्त दगावत, ते प्रमाण तीस टक्क्यांच्या आत आलं. आज सर्जन खोल गेलेली कपची बहुधा तिथंच सोडतात. तिच्यामागं जाताना चांगला मेंदू दुखावतो. हात आवरणं हीसुद्धा शस्त्रक्रियाच, नाही का?

आवरण मात्र पाणी झिरपणार नाही असं शिवतात, नाहीतर मेंदूज्वराला वाट मिळते. मग प्रतिजैविकं, धनुर्वाताची सुई, आठवडाभर फिटची औषधं.

(दृश्य: ओपीडीबाहेरचा बाक.)

टाके निघाले. गडी कामावर जायचं म्हणतोय, आणि डॉक्टर पुन्हा अँजिओग्राफी सांगतात. "बरा झालाय की, परत कशाला?" घरचे विचारतात. धक्का लागलेल्या धमनीला फुगा यायला कधीकधी काही आठवडे लागतात, आणि फुटायच्या आधी तो दुखेलच असं नाही.