काळ्या मातीचा मूळ आकडा

(दृश्य : माळशेज घाट, कड्यावरचे थर)

कड्यावरचे हे आडवे थर पाहा. लाव्हा लोंढ्यालोंढ्यांनी आला, थंड झाला, त्यावर पुढचा आला. ही गोष्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. या बेसाल्टची झीज होऊन आपली काळी माती झाली आणि खडकात जे होतं ते तिच्यात उतरलं. लोह उतरलं, तसं क्रोमियम आणि निकेलही उतरलं. जगभरची सरासरी घेतली, तर एक किलो ग्रॅनाइटमध्ये क्रोमियम जेमतेम 4 मिलिग्रॅम, बेसाल्टमध्ये 170 च्या आसपास. कॅनडाचं मार्गदर्शक मूल्य शेतजमिनीसाठी 64 आहे. तेच इथे लावलं, तर ज्या माळाला कधी कारखान्याचं वारंही लागलं नाही, तोही दूषित ठरू शकतो.

(दृश्य : कुंपण, गंजलेली शेड, पिवळट डबकं)

ही प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर क्रोमियमचा मुलामा चढवण्याच्या, एका बंद कारखान्याची जागा. इथली माती किती खोल उपसायची आणि कुठे थांबायचं? कारखाना नसता तर या मातीत क्रोमियम किती असतं, ते आधी कळायला हवं. ही झाली पार्श्वभूमी पातळी. ती मोजलेली नसेल, तर जागेचा मालक सरळ सांगतो, हे खडकातलंच आहे. आणि त्याला खोडून काढायला कुणाच्या हातात कागद नसतो. किंवा उलटं होतं. खडकाचंच क्रोमियम ट्रक भरभरून वाहून नेण्यात लोकांचा पैसा जातो.

(दृश्य : गायरान, खड्डा, हातांचा क्लोजअप)

म्हणून पहिला खड्डा कुंपणाच्या आत घेत नाहीत. तो इथे, चढावरच्या गायरानात घेतात. खडक तोच, मातीची जात तीच, पण कारखान्याचं पाणी इथवर चढत नाही. रस्त्यापासूनही लांब, कारण शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं तरी रस्त्याकडेच्या मातीतलं शिसं गेलेलं नाही. तांबं मोजायचं असेल तर द्राक्षबागही चालत नाही. वर्षानुवर्षं फवारलेल्या बोर्डोतलं मोरचूद तिथे साठलेलं असतं.

खड्ड्याची कड आधी प्लास्टिकच्या खुरप्याने खरवडून घेतात. कुदळीचा क्रोमियम नमुन्यात यायला नको. आणि ही भेग पाहा, हात कोपरापर्यंत आत जातो. उन्हाळ्यात काळी माती फाटते, वरची माती भेगांतून खाली पडते, पावसात फुगून सगळं मिसळतं. खालचा थर म्हणजे मूळ, स्वच्छ थर, हा हिशेब इथे चालत नाही. एकाच खड्ड्यात वेगवेगळ्या खोलीवर नमुने घ्यावे लागतात ते यासाठी.

(दृश्य : गोणपाटावर माती, लाकडी हातोडी, चाळणी)

माती सावलीत वाळवायची. ढेकळं लाकडी हातोडीने फोडायची. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा मिसळायचं, पुन्हा चार भाग. मग 2 मिलिमीटरची चाळणी. गायरानाची माती आणि कारखान्याची माती, दोन्हींना चाळणी तीच, माती विरघळवायचं आम्ल तेच, मोजायचं यंत्र तेच. यात फरक पडला की तुलना संपली.

(दृश्य : प्रयोगशाळा, पडद्यावर आलेख)

एका नमुन्यावर काही ठरत नाही. निसर्ग एक आकडा देत नाही, पट्टा देतो, आणि त्या पट्ट्याची वरची कड संख्याशास्त्राने काढावी लागते. या आलेखात आडवं लोह आहे, उभं निकेल. गायरानाचे ठिपके एका रेषेत चढतात, कारण दोन्ही धातू एकाच खडकातून आलेत. रेषा सोडून वर गेलेले ते ठिपके कुंपणाच्या आतले. क्रोमियमची आणखी एक चाचणी असते. त्याची रूपं दोन : खडकातलं बहुतांशी त्रिसंयुजी, प्लेटिंगच्या टाकीतलं षट्संयुजी. डबक्याला पिवळा रंग देतं ते हे षट्संयुजीच, आणि ते कर्करोगकारक आहे.

(दृश्य : विहीर, रहाट)

पाण्याबरोबर ते विहिरीतही उतरतं.

(दृश्य : पुन्हा गायरान, नमुन्यांच्या पिशव्या)

दूषित जागांसाठी केंद्राने जुलै 2025 मध्ये नियम केले. संशयित जागा कळवल्यावर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला प्राथमिक तपासणीसाठी 90 दिवस मिळतात, सविस्तर तपासणीसाठी आणखी तीन महिने. एवढ्या अवधीत प्रत्येक जागेसाठी गायरान शोधण्यापासून सुरुवात केली, तर वेळ पुरणार नाही आणि उसना आकडाच वापरला जाईल. हे खड्डे आताच घ्यायला हवेत. विदर्भाचा पूर्व भाग आणि दक्षिण कोकणाचा काही भाग बेसाल्टवर नाही. तिथले वेगळे, इथले वेगळे. आणि निघालेले आकडे ग्रामपंचायतीत लावायला हवेत, म्हणजे 'हे खडकातलंच आहे' असं कुणी म्हणालं, की गावकऱ्यांना ते तिथल्या तिथे पडताळता येईल.