फ्रेटलेस गिटारचं लाकूड: पैसा फिंगरबोर्डवर घाला

मंडळी, नांदेडात कुणी गिटार बनवायला घेतली की पहिला सल्ला मिळतो, "मेपल मागवा, एबनी मागवा." मागवा की! पण त्या लाकडाकडून काम काय करून घ्यायचंय, ते आधी ठरवा.

साध्या गिटारीत तार टेकते फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर. खालचा फिंगरबोर्ड, म्हणजे तारांखालची लाकडी पट्टी, शिसवीची की मेपलची, याने आवाजात फार फरक पडत नाही. फ्रेट काढले, म्हणजे गिटार फ्रेटलेस केली, की तार थेट लाकडावर दाबली जाते, तीही बोटाच्या मऊ मांसाने. बोट कंप खातंच. त्यात लाकूडही मऊ निघालं तर मींड अर्ध्या वाटेतच विझते. सरोदवाल्यांनी यावर केव्हाच तोडगा काढलाय: पट्टीवर पोलादी पत्रा आणि तार दाबायला नख. फ्रान्सच्या व्हिजिए कंपनीनेही फ्रेटलेस गिटारला धातूचा फिंगरबोर्ड दिला. बेस गिटारवादक जॅको पास्टोरियसने आपल्या बेसच्या लाकडावर होड्यांना लावतात तो कडक लेप, इपॉक्सी, चढवला. म्हणून म्हणतो, पैसा फिंगरबोर्डवर घाला, नेकवर, म्हणजे त्याखालच्या दांड्यावर, नको.

एबनी उत्तमच. शिसवीही चालते, पण साध्या वळणाच्या पोलादी तारा तिच्यावर चरे पाडतात. मग सपाट वळणाच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा लावा, नाहीतर इपॉक्सी द्या. आणि एक गंमत सांगतो. किनवटकडे विडीसाठी जिची पानं तोडतात ती टेंभुर्णी एबनीच्याच कुळातली. जुन्या झाडाचा गाभा काळा आणि चांगला जड असतो. अडचण एवढीच, की गाभा बारीक असतो. दीड फुटाची सरळ, बिनचिरेची पट्टी निघणं नशिबाचा भाग. निघाली तर सोडू नका, फक्त लाकूड कुठून आलं त्याची पावती घ्या.

नेकला आपला सागवान पुरतो. मेपलएवढा ताठ नाही, तेव्हा थोडा जाड ठेवा आणि ट्रस रॉड, म्हणजे नेक वाकू नये म्हणून आत बसवतात ती धातूची सळई, घालाच. तारांचा एकूण ताण 45 ते 50 किलोच्या घरात जातो, आणि खाचांत घट्ट ठोकलेले फ्रेट नेकला जो मागे रेटा देतात तो इथे नसतो. सागवानाचा मोठा गुण म्हणजे तो आकसतो-फुगतो कमी. मे महिन्यातली आपली कोरडी हवा आणि लगेच येणारा पावसाळा, यात हाच गुण कामाला येतो. जुना वाडा पाडला की चौकटी विकायला निघतात, त्या बघा. लाकूड वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. कापलेल्या टोकाकडून पाहा: वाढीच्या रेषा फिंगरबोर्डला काटकोनात, उभ्या आल्या पाहिजेत, आडव्या असतील तर तो तुकडा बाजूला ठेवा. रंधा मारण्याआधी खिळे शोधा, पात्याची वाट लागते.

सागवानात तेल असतं, सरस धरत नाही. चिकटवायची बाजू ताजी रंधून ॲसिटोनने पुसा आणि तेल पुन्हा वर यायच्या आत फिंगरबोर्ड बसवून शिकंजे आवळा.