शिंपल्यातला उन्हाळा

मंडळी, ऐरोलीच्या खाडीकाठावरून आज सकाळी उचललेला कालवाचा हा रिकामा शिंपला मी मुद्दाम सोबत आणला आहे. ओहोटीला आपल्या कोळणी खडकावर बसून कालवं फोडतात, गर काढून घेतात आणि शिंपला तिथेच टाकतात. अशाच एका टाकून दिलेल्या शिंपल्यात कॅथलीन ड्रू-बेकर यांना जपानच्या किनाऱ्यावरील एका जुन्या कोड्याचे उत्तर सापडले.

त्यांचा जन्म इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातला, १९०१ चा. मँचेस्टर विद्यापीठात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. परंतु १९२८ साली विवाह होताच, विवाहित स्त्रियांना नोकरीत न ठेवण्याच्या नियमामुळे त्यांना अध्यापन सोडावे लागले. हा उघड अन्याय होता, असेच मला वाटते. पुढची कित्येक वर्षे त्यांनी बिनपगारी संशोधन केले, आणि अभियांत्रिकीचे अध्यापक असलेल्या त्यांच्या पतींनी भरती-ओहोटीची नक्कल करणारी टाकी त्यांना बांधून दिली.

त्यांचा विषय होता पॉर्फिरा हे जांभळट, कागदाइतके पातळ समुद्री शेवाळ. जपानी लोक त्याच वर्गातील शेवाळ वाळवून नोरी म्हणून खातात. थंडीत भरभरून येणारे हे शेवाळ उन्हाळ्यात दिसेनासे होई. कोळी पाण्यात बांबूच्या फांद्या रोवून ठेवत आणि बीजाणू चिकटण्याची वाट पाहत; ते येतात कुठून, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे एखाद्या साली पीक बुडाले, तर कारण शोधायचे कुठे, हेही कळत नसे.

ड्रू-बेकर यांनी पॉर्फिराचे बीजाणू शिंपल्यांसोबत वाढवले. बीजाणूंतून निघालेले गुलाबी, केसाहून बारीक तंतू शिंपल्याचा चुना पोखरत आत शिरले. हे तंतू शास्त्रज्ञांच्या परिचयाचे होते. १८९२ पासून त्यांना कॉन्कोसेलिस या नावाची निराळी वनस्पती मानले जात होते. ही निराळी वनस्पती नसून पॉर्फिराच्याच आयुष्यातली एक अवस्था आहे, हे त्यांनी १९४९ साली ‘नेचर’मधील छोट्याशा लेखात मांडले.

जपानी संशोधक सोकिची सेगावा यांच्यासारख्यांनी हे ज्ञान शेतीत उतरवले. हौदांत कालवांचे शिंपले टांगून त्यांत ही अवस्था उन्हाळाभर जोपासायची, आणि शरद ऋतूत दिवस आखूड झाले, पाणी गार झाले की शिंपल्यांतून सुटणारे बीजाणू जाळ्यांवर धरायचे, अशी पद्धत बसली. बीजासाठी समुद्राच्या भरवशावर राहण्याची गरज उरली नाही.

जपानला त्या कधीच गेल्या नाहीत; १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६३ साली कुमामोतो प्रांतातील उतो येथे, आरिआके समुद्रासमोर त्यांचे स्मारक उभे राहिले, आणि दरवर्षी १४ एप्रिलला तिथे त्यांच्या स्मरणार्थ लोक जमतात.

आता हा शिंपला आणि हे भिंग पहिल्या रांगेपासून फिरवतो. आतल्या गुळगुळीत बाजूवर थांबू नका. उलटा करून खडबडीत पाठ उजेडात धरा आणि तिथली बारीक भोके पाहा.