पुढची पांढरी खूण

पहाटेचे साडेपाच. तंबूवर अजून थेंब पडतायत, मोजे रात्रभर उशाशी ठेवूनही ओलेच. टाचेवरचा फोड रात्रीत सुकलेला असतो, मोजा चढवताना तो परत सोलला जातो आणि डोळ्यांत टचकन पाणी येतं. पहिली पन्नास-साठ पावलं लंगडत, मग पाय बधिर होतात आणि दिवस सुरू होतो.

ही अपॅलेशियन ट्रेल. अमेरिकेत जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिन डोंगरापर्यंत, 14 राज्यं, साधारण 3,500 किलोमीटर. सलग चालायची तर पाच ते सात महिने लागतात, आणि निघालेल्या चौघांपैकी एखादाच शेवटपर्यंत पोचतो.

बाकीचे का परततात? आपल्याला वाटतं दम कमी पडला असेल, पण बऱ्याचदा पायच नडतात, नाहीतर पाठीवरचं ओझं. निघताना हे लागेल, तेही असू दे असं करत सॅक भरलेली असते, मग पहिल्या मोठ्या चढावर खांदे बोलायला लागतात आणि पहिल्याच गावात निम्मं सामान काढून टाकावं लागतं. रोज चालून पाय सुजतात, पसरतात, घेतलेले बूट घट्ट व्हायला लागतात, म्हणून जाणती माणसं आधीच मोठा नंबर घेतात.

1955 मध्ये एमा गेटवुड ही अख्खी वाट एकटीनं चालल्या. वय 67, अकरा मुलांची आई. पायात साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, आणि पावसासाठी चक्क बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा! मला त्यांच्या हिमतीइतकंच त्या पिशवीचं कौतुक वाटतं, काय नको हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आणि ही बघा, झाडावरची पांढरी खूण. दोन इंच रुंद, सहा इंच उंच, बस एवढीच. हीच सगळी वाट दाखवते. एकावर एक दोन खुणा दिसल्या की सावध व्हायचं, पुढे वळण आहे. निळी खूण म्हणजे बाजूची पायवाट, बऱ्याचदा पाण्याकडे किंवा निवाऱ्याकडे जाणारी. दहा-पंधरा मिनिटं एकही खूण दिसली नाही की पोटात गोळा येतो, मागे वळावं का पुढे जावं कळत नाही, आणि मग धुक्यातून एका खोडावर तो पांढरा पट्टा दिसतो तेव्हा जे वाटतं ना, ते सांगताच येत नाही. स्वयंसेवक ब्रश आणि डबा घेऊन जंगलात येतात, साल खरवडून साफ करतात, पुसट झालेली खूण परत रंगवतात. आपण त्यांना कधी भेटतही नाही, पण दिवसभर चालतो ते त्यांच्याच भरवशावर.

महिनाभरानं वार विसरायला होतं. 3,500 किलोमीटरचा विचार करायचं तर मन सोडूनच देतं, ते फक्त पुढच्या खुणेपुरतं चालतं.

संध्याकाळी तीन भिंतींचा लाकडी निवारा. अस्वलं येऊ नयेत म्हणून खाण्याची पिशवी दूर झाडाला टांगलेली. बूट काढले की पायातून वाफ निघते. शेजारचा कोणी न बोलता चिकटपट्टीचा रोल पुढे करतो. नाव, कामधंदा कोणी विचारत नाही, विचारतात ते एवढंच, पुढे पाणी कुठंय?

दोन किलोमीटरवर झरा आहे. निळी खूण दिसली की उजवीकडे.